शेवटची खुर्ची दोघांना विकली जाऊ नये म्हणून

नाटकाच्या प्रयोगाला सहकुटुंब जावे, आरक्षित केलेल्या आसनावर दुसरेच कोणी बसलेले असावे आणि दोघांच्याही मोबाइलवर तेच तिकीट असावे, असा प्रसंग ओढवला की ‘सर्व्हर बिघडला’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात सर्व्हर सुरळीत चाललेला असू शकतो. एकाच नोंदीत दोघांनी एकाच क्षणी बदल केले तर काय करायचे, याचा विचार प्रोग्रॅम लिहिताना झालेला नसला, तरी असा घोटाळा होतो.

वारंवार लागणारी माहिती दर वेळी मूळ डेटाबेसमधून काढण्यात वेळ जातो. म्हणून तिची प्रत वेगवान स्मृतीत, म्हणजे कॅशेमध्ये, ठेवतात. मोठ्या संकेतस्थळांचा कॅशे अनेक सर्व्हरांवर विभागलेला असतो. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये ‘लाइव्हजर्नल’ या संकेतस्थळासाठी तयार केलेली ‘मेमकॅश्ड’ ही अशीच एक प्रणाली. संकेतस्थळाच्या बाजूने तिच्याशी व्यवहार करणारा प्रोग्रॅम म्हणजे क्लायंट.

समजा, कॅशेत ‘४० आसने शिल्लक’ अशी नोंद आहे. दोन क्लायंट ती एकाच वेळी वाचतात, एकेक तिकीट विकतात आणि दोघेही ३९ हा आकडा लिहून ठेवतात. वास्तविक ३८ आसने उरायला हवी होती. एक विक्री हिशेबातून नाहीशी झाली आणि कोठेही त्रुटीचा संदेश उमटला नाही. वाचन आणि लेखन यांच्या मधल्या फटीत हे घडते.

एक उपाय कुलपाचा. एकाचे काम पुरे होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचे. पण कुलूप लावणारा क्लायंटच मध्ये बंद पडला, तर बाकीचे खोळंबतात. म्हणून मेमकॅश्डमध्ये वेगळी सोय आहे. ‘गेट्स’ या आज्ञेने नोंद वाचली की तिच्यासोबत ६४ बिटांचा एक क्रमांक मिळतो. नोंद बदलली की हा क्रमांकही बदलतो. ‘कॅस’ या आज्ञेने नवी नोंद पाठवताना क्लायंट तो क्रमांक परत देतो. क्रमांक तोच असेल तर सर्व्हर नोंद स्वीकारतो. दरम्यान कोणी बदल केला असेल तर नाकारतो.

नकार मिळाल्यावर क्लायंट काय करतो, यावर सारे अवलंबून असते. नोंद पुन्हा वाचून, हिशेब नव्याने करून मगच ती पाठवायला हवी. केवळ नवा क्रमांक मिळवून त्याला जुनाच ३९ चा आकडा जोडला, तर सर्व्हर तो निमूटपणे स्वीकारील आणि चूक जशीच्या तशी राहील. प्रयत्नांना मर्यादा हवी आणि दोन प्रयत्नांमध्ये कमीअधिक विराम हवा. नाहीतर गर्दीच्या वेळी सारे क्लायंट एकमेकांना अडवत राहतील.

आकडा एकाने कमी करण्यासाठी ‘डिक्र’ ही आज्ञाही आहे. वजाबाकी सर्व्हरच करतो, त्यामुळे मधली फट उरत नाही. मात्र मेमकॅश्डमध्ये हा आकडा शून्याखाली जात नाही. १ वरून उतरला तरी उत्तर ०, आधीच शून्य असला तरी उत्तर ०. शेवटचे आसन आपल्याला मिळाले की ते आधीच गेले होते, हे उत्तरावरून कळत नाही. म्हणजे शेवटच्या खुर्चीपाशीच हा उपाय तोकडा पडतो.

कोणती नोंद कोणत्या सर्व्हरवर आहे, हे मेमकॅश्डमध्ये क्लायंटच ठरवतो. दोन क्लायंटांकडील सर्व्हरांच्या याद्या वेगळ्या असतील, तर एकच नोंद दोन ठिकाणी जन्म घेते आणि क्रमांकांची तपासणी निरर्थक ठरते. उत्तर येण्यापूर्वी संपर्क तुटला, तर बदल झाला की नाही हे समजत नाही. अशा वेळी ‘डिक्र’ पुन्हा पाठवल्यास दोन आसने वजा होऊ शकतात. शिवाय जागा अपुरी पडली की कॅशे नोंदी काढून टाकतो. अशी नोंद पुन्हा भरताना ‘अ‍ॅड’ ही आज्ञा वापरावी. नोंद नसेल तरच ती लिहिते, त्यामुळे दुसऱ्याने नुकताच भरलेला आकडा पुसला जात नाही.

या सर्वांचा अर्थ असा की कॅशेवर किती भिस्त ठेवावी, याला सीमा आहे. किती आसने उरली हे झटपट दाखवणे, हे त्याचे काम. खुर्ची कोणाची, याचा निर्णय मात्र डेटाबेसमध्येच व्हावा, आणि एका प्रयोगाच्या एका आसनासाठी एकच नोंद, असा नियम तेथे असावा. मग कॅशेतील आकडा क्षणभर चुकला तरी एखाद्याला ‘आसने संपली’ असा संदेश उशिरा मिळेल इतकेच. नाट्यगृहाच्या दारात, हातात तिकीट असताना, परत फिरण्याची वेळ मात्र कोणावर येणार नाही.