निरोगी कामगाराच्या चाचणीचा खर्च कोणाचा?

मार्च २०२० च्या अखेरीस म्हैसूर जिल्ह्यातील नंजनगूड येथे, ज्युबिलंट कंपनीच्या औषधनिर्मिती कारखान्यातील एका कर्मचाऱ्यास कोरोनाची बाधा झाल्याचे निष्पन्न झाले. कारखाना बंद झाला, हजारांहून अधिक कर्मचारी विलगीकरणात गेले. कर्मचारी व त्यांचे निकटवर्तीय मिळून सत्तरहून अधिक जण बाधित आढळले. ज्यांना बाधाच नव्हती, अशांचीही तपासणी या शोधात अपरिहार्य होती. आणि विम्याच्या दृष्टीने पेच येथेच उद्भवतो.

आरोग्य विमा आजाराच्या खर्चाची भरपाई करतो. जुलै २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘कोरोना कवच’ पॉलिसीतही बाधा सिद्ध झाल्यावरच दाव्याचा मार्ग खुला होत असे. अहवाल निर्दोष आला, तर चाचणीचा खर्च ज्याचा त्यानेच सोसावयाचा. केंद्रीय गृह मंत्रालयाने १५ एप्रिल २०२० च्या आदेशान्वये कामगारांचा वैद्यकीय विमा सक्तीचा केला खरा, परंतु त्यामुळे ही उणीव भरून निघाली नाही.

रक्कम किरकोळ नव्हती. खासगी प्रयोगशाळांसाठी त्या वेळी कमाल दर ४,५०० रुपये होता. म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात २०० कामगार आहेत असे धरले, तर एका फेरीचे ९ लाख रुपये होतात. लहान उद्योजकाचे खेळते भांडवल एवढ्यानेच आटावे!

सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२० रोजी खासगी चाचण्याही विनामूल्य करण्यास सांगितले. १३ एप्रिलला मात्र ही सवलत आयुष्मान भारत योजनेचे लाभार्थी व शासन ठरवील त्या दुर्बल घटकांपुरती सीमित झाली. पगारदार कामगार त्यांत बसेलच असे नव्हते. अमेरिकेत विमा कंपन्यांवर चाचणीखर्चाची सक्ती होती. तथापि कामावर परतण्यापूर्वीची सरसकट तपासणी त्या सक्तीत येत नाही, असा खुलासा तेथील केंद्र शासनाने जून २०२० मध्ये केला.

संसर्ग रोखल्याचा लाभ साऱ्या गावास मिळतो, त्याचा भार एकट्या विमेदारांच्या हप्त्यावर टाकणे न्याय्य नव्हे. अशी चाचणी विमा कंपनीकडून करवून घ्यावयाची, तर तिचा परतावा शासनाच्या तिजोरीतूनच यावयास हवा. तशी तरतूद नसेल तेथे समूह विमा घेणाऱ्या मालकाने ‘रुग्णालयात दाखल न होता केलेली तपासणी’ या कलमापुढे काय लिहिले आहे, ते सही करण्यापूर्वीच वाचावे.