खुबेदुखी व निद्रा
खुबेदुखी व निद्रा : मांडीचे हाड श्रोणीला ज्या उखळीच्या सांध्याने जोडलेले असते, त्यास खुबा म्हणतात. या सांध्यातील किंवा त्याभोवतीच्या स्नायू व कंडरांतील वेदना पुष्कळदा रात्री अधिक जाणवतात व झोपमोड करतात. अपुऱ्या झोपेने वेदना अधिक तीव्र भासते. म्हणून निजण्याच्या स्थितीचा विचार हा उपचाराचाच एक भाग ठरतो. मात्र सर्व रुग्णांस सोयीची अशी एकच स्थिती नाही. ती वेदनेच्या उगमस्थानावर अवलंबून असते.

वेदनेचे स्थान : प्रत्यक्ष सांध्यातील वेदना बहुधा जांघेत जाणवते व कधीकधी गुडघ्यापर्यंत पसरते. उतारवयात उपास्थी झिजून होणारा संधिविकार हे तिचे नेहमीचे कारण होय. खुब्याच्या बाहेरील अंगास हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यावर दुखत असल्यास तेथील कंडरांचा विकार किंवा लगतच्या द्रवयुक्त पुटीचा दाह संभवतो. मध्यमवयीन स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. नितंबातून पोटरीकडे उतरणारी कळ पुष्कळदा कमरेच्या मणक्यांपासून उद्भवलेली असते.

निजण्याची स्थिती : बाहेरील अंग दुखत असता त्याच कुशीवर निजल्यास कंडरा हाड व अंथरूण यांमध्ये दाबल्या जातात. दुसऱ्या कुशीवर वळल्यानेही आराम पडतोच असे नाही. कारण वरचा पाय पुढे येऊन अंथरुणाला टेकला, की मांडी आत ओढली जाते व त्याच कंडरा उंचवट्यावर ताणल्या जातात. यासाठी दोन्ही पायांमध्ये गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पुरेल अशी जाड उशी किंवा घडी केलेली गोधडी ठेवावी. केवळ गुडघ्यांमध्ये लहान उशी ठेवल्यास पाऊल खाली लोंबते व मांडीस पीळ पडतो.

सांध्यातच दाह असता उताणे निजून गुडघ्याखाली उशी घेतल्याने बरे वाटते. मांडी किंचित दुमडलेली असताना सांध्याभोवतीचे वेष्टन सैल पडते व आतील द्रवाचा दाब कमी होतो. परंतु याच सोयीत धोका आहे. पाय दीर्घकाळ असाच राहिल्यास स्नायू व वेष्टन आखडतात, मांडी पूर्ण सरळ होत नाही आणि चालताना कमरेला बाक येतो. म्हणून ही उशी गरजेपुरतीच वापरावी आणि दिवसा थोडा वेळ पाय सरळ ठेवून, पाठीला सोसत असल्यास पालथे, निजावे.

अंथरूण : नुसत्या चटईवर हाडाच्या उंचवट्यावर दाब पडतो, तर फार मऊ गादीत कंबर रुतते व कूस बदलणे कठीण होते. जमिनीवरून उठताना खुबा पुष्कळ दुमडावा लागत असल्याने सुमारे गुडघ्याइतक्या उंचीची खाट सोयीची असते. कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवून एकदम वळावे.

शस्त्रक्रियेनंतर : सर जॉन चार्नली यांनी 1962 मध्ये इंग्लंडमध्ये यशस्वी केलेल्या पद्धतीतून आजची कृत्रिम खुबा बसविण्याची शस्त्रक्रिया विकसित झाली. तिच्यानंतर काही आठवडे पायावर पाय टाकल्यास सांधा निखळण्याचा संभव असतो. तेव्हा कसे निजावे हे शस्त्रक्रियेच्या पद्धतीनुसार शल्यचिकित्सकच ठरवितो.

धोक्याची लक्षणे : ताप, वजनातील घट, कोणत्याही स्थितीत न शमणारी वेदना किंवा पडल्यानंतर पायावर भार न घेता येणे ही लक्षणे असता तातडीने तपासणी करावी. वृद्धांत असा आघात ऊर्वस्थीच्या मानेच्या अस्थिभंगाचा असू शकतो. स्टेरॉइड औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांत व अतिमद्यपींत रक्तपुरवठा खंडित होऊन हाडाचा माथा मृत होण्याचा धोका असतो. लंगडणारे मूल रात्री झोपेत किंचाळून उठत असल्यास खुब्याच्या क्षयाची शंका घ्यावी. जागेपणी सांध्याला जखडून धरणारे स्नायू झोपेत सैल पडतात व सांधा हलताच कळ येते. मूल बहुधा गुडघाच दाखविते, त्यामुळे खुब्याकडे दुर्लक्ष होते. अशा प्रसंगी उशीने मिळणाऱ्या आरामावर विसंबून राहिल्यास उपचारास विलंब होतो आणि सांधा कायमचा निकामी होऊ शकतो.