तक्त्याबाहेरचा रकाना

मे २००४. लॉस एंजेलिसमध्ये ई-थ्री भरलं होतं. व्हिडिओ गेम उद्योगाचं हे तेव्हाचं वर्षातलं सर्वांत मोठं प्रदर्शन. त्या एकाच आठवड्यात हातात मावणारी दोन यंत्रं जगापुढे आली. एक सोनीचं प्लेस्टेशन पोर्टेबल, म्हणजे पीएसपी. दुसरं निन्टेंडोचं डीएस. दोन्ही दुकानांत यायला अजून सहा-सात महिने होते आणि किंमत दोन्ही कंपन्यांनी मुठीत झाकून ठेवली होती. मग जे व्हायचं तेच झालं. गेमिंगची मासिकं, अर्थविषयक दैनिकं, शेअर बाजाराचे अभ्यासक, सगळ्यांनी कागदावर उभी रेघ मारली आणि दोन यंत्रं शेजारी शेजारी मांडली.

त्या तक्त्यांतला जवळजवळ प्रत्येक आकडा खरा होता. तरीही त्यांवरून बांधलेले बरेचसे अंदाज पार कोसळले. बाजारात न आलेल्या वस्तूंची तुलना कशी होते आणि ती कुठे फसते, हे समजून घ्यायला या सात महिन्यांइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आधी आकडेच पाहू. पीएसपीचा पडदा ४.३ इंचांचा, सिनेमाच्या पडद्यासारखा आडवा, ४८० बाय २७२ बिंदूंचा, १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंगछटा दाखवणारा. डीएसला पडदे दोन, पण प्रत्येकी ३ इंचांचे आणि २५६ बाय १९२ बिंदूंचे. दोन्ही पडद्यांचे बिंदू मिळवले तरी पीएसपीच्या एका पडद्याच्या तीन चतुर्थांशच भरतात. पीएसपीचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत धावणारा. डीएसचा मुख्य प्रोसेसर ६७ मेगाहर्ट्झचा. कामाची मेमरी इकडे ३२ मेगाबाइट, तिकडे ४. पीएसपीवर गाणी ऐकता येणार, सिनेमे पाहता येणार. सोनीचे केन कुतारागी तर पीएसपीला एकविसाव्या शतकाचा वॉकमन म्हणत होते, आणि मूळ वॉकमन ज्या कंपनीने बनवला तिच्या माणसाच्या तोंडून आलेलं हे वाक्य वजनदार होतं.

तक्ता खोटं बोलत नव्हता, पण काही ठिकाणी तो वाचणाऱ्याला चकवत होता. खेळ कशावर साठवायचे, हा रकाना घ्या. डीएसच्या पत्रकात १ गिगाबिट क्षमतेचं कार्ड लिहिलं होतं आणि पीएसपीच्या पत्रकात १.८ गिगाबाइटची तबकडी. घाईत वाचणाऱ्याला दोन्ही आकडे जवळजवळचे वाटतात. पण आठ बिट म्हणजे एक बाइट; म्हणजे डीएसचं कार्ड फक्त १२८ मेगाबाइटचं. पीएसपीची यूएमडी नावाची ती ६ सेंटिमीटरची तबकडी त्याच्या चौदापट माल सामावत होती. मात्र तबकडी फिरवायला मोटर लागते आणि मोटर बॅटरी खाते. कार्डात हलणारा भागच नसतो. क्षमतेचा रकाना आणि बॅटरीचा रकाना असे एकमेकांत गुंतलेले होते, आणि तक्त्यात मात्र ते दोन वेगळ्या ओळींत बसले होते.

३३३ या आकड्याची कथा तर अधिकच बोलकी आहे. तो आकडा प्रत्येक लेखात छापला गेला. यंत्र बाजारात आलं तेव्हा सोनीने खेळांसाठी वेगाची मर्यादा २२२ मेगाहर्ट्झवर बांधली होती. ही मर्यादा २००७ मध्ये एका सॉफ्टवेअर सुधारणेने उठली. म्हणजे सर्वांत जास्त मिरवला गेलेला आकडा पहिली अडीच वर्षं कोणत्याही खेळाच्या वाट्याला आलाच नव्हता.

इथे थोडं मागे जायला हवं. हे दोन प्रतिस्पर्धी एकमेकांना अनोळखी नव्हते. कुतारागी यांनीच निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉमची ध्वनिचिप घडवली होती. त्याच ओळखीतून सोनीने निन्टेंडोसाठी सीडी-रॉमचं यंत्र बनवायचं ठरलं. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ते जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने फिलिप्सशी हातमिळवणी केल्याची घोषणा केली. त्या अपमानातून सोनीचं स्वतःचं प्लेस्टेशन ३ डिसेंबर १९९४ रोजी जन्माला आलं. त्याने आणि त्याच्या पुढच्या पिढीने दिवाणखान्यातल्या टीव्हीवरून निन्टेंडोला मागे रेटलं. २००४ साली प्लेस्टेशन २ समोर निन्टेंडोचं गेमक्यूब केविलवाणं दिसत होतं. हातातल्या यंत्रांचा बाजार हा निन्टेंडोचा शेवटचा अभेद्य किल्ला होता आणि आता कुतारागी त्याच्या दाराशी आले होते. तुलना करणाऱ्यांच्या मनात हा दहा वर्षांचा इतिहास होता. प्लेस्टेशनने जे टीव्हीवर केलं तेच आता तळहातावर होईल, हा तर्क वेडगळ नव्हता.

पण हातातल्या यंत्रांचा इतिहास वेगळा होता आणि तोही सगळ्यांना ठाऊक होता. १९८९ मध्ये निन्टेंडोने गेम बॉय आणला तेव्हा त्याचा पडदा हिरवट, रंगहीन आणि बिनप्रकाशाचा होता. त्याच वर्षी अटारीचं लिंक्स आणि पुढच्या वर्षी सेगाचं गेम गिअर आलं. दोन्हींचे पडदे रंगीत, आतून उजळलेले. कागदावर गेम बॉय हरलेलाच होता. पण त्याला चार पेन्सिल सेल पुरत आणि ते दहा तासांहून जास्त चालत. गेम गिअर सहा सेल तीन ते पाच तासांत संपवायचं. लहान मुलांच्या यंत्रात सेल घालण्याचा खर्च कुणाच्या खिशातून जातो, हे लक्षात घेतलं की पुढचं समजतं. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८० लाखांवर खपली. गेम गिअर जेमतेम १ कोटीच्या आसपास. अमेरिकेत गेम बॉयसोबत टेट्रिस मिळायचा. नव्वदच्या दशकात आपल्या जत्रांतून आणि खेळण्यांच्या दुकानांतून ‘९९९९ इन १’ असं छापलेला जो ब्रिक गेम घराघरांत आला, त्याच्यातला वरून पडणाऱ्या विटांचा खेळ याच टेट्रिसची नक्कल. निन्टेंडोचं नाव न ऐकलेल्या कितीतरी मराठी मुलांच्या बोटांना तो खेळ पाठ होता.

गेम बॉयमागे गुनपेई योकोई हा विलक्षण माणूस होता. जुनं, मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि ते अनपेक्षित ठिकाणी लावायचं, ही त्यांची पद्धत. १९९७ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. डीएस त्यांनी पाहिलं नाही, पण डीएसचा प्रत्येक भाग त्यांच्या शाळेतला आहे. दोन पडद्यांची कल्पना निन्टेंडोने १९८२ मध्येच गेम अँड वॉचच्या मल्टी स्क्रीन यंत्रांत वापरली होती. खालचा पडदा स्पर्शाने चालणारा होता, पण ते तंत्र नवं नव्हतं. पाम पायलटसारख्या खिशातल्या डायऱ्यांत ते वर्षानुवर्षं होतं. दुसरा प्रोसेसर तर गेम बॉय अॅडव्हान्समधलाच. त्यामुळे अॅडव्हान्सचे शेकडो खेळ डीएसच्या दुसऱ्या खाचेत पहिल्या दिवसापासून चालणार होते, आणि पीएसपीला आपला खेळसंग्रह शून्यातून उभारायचा होता. ही गोष्ट तक्त्यात ‘जुने खेळ चालतात: होय / नाही’ एवढ्या एका ओळीत उरकली जायची.

स्पर्शाच्या पडद्याची आणि मायक्रोफोनची अडचण याहून मोठी होती. त्यांच्यासमोर पीएसपीच्या बाजूला लिहायला काहीच नव्हतं. तुलनेला दोन आकडे लागतात. एकच असेल तर ती ओळ ‘इतर वैशिष्ट्यं’ या तळाच्या रकान्यात जाते. डीएसचं सगळं सामर्थ्य त्या तळाच्या रकान्यात पडून राहिलं. मला वाटतं, चूक झाली ती इथेच. रकाने प्लेस्टेशनच्या दहा वर्षांनी आखून दिले होते: वेग, बिंदू, रंग, क्षमता. त्या मापाने मोजल्यावर पीएसपी जिंकणार हे मोजण्याआधीच ठरलेलं होतं.

निन्टेंडोलाही स्वतःच्या यंत्राची खात्री नव्हती. दोन पडद्यांचा आग्रह निवृत्त अध्यक्ष हिरोशी यामाउची यांचा. हे चाललं तर आपण स्वर्गात जाऊ, फसलं तर नरकात बुडू, अशा आशयाचं ते त्या वर्षी बोलले होते. त्यांच्या जागी आलेले सातोरु इवाता मात्र सावध होते. डीएस हा गेम बॉय अॅडव्हान्स आणि गेमक्यूब यांच्या जोडीला उभा राहणारा तिसरा खांब आहे, असं कंपनी सांगत राहिली. खांब पडला तरी गेम बॉय हे नाव शाबूत राहावं, ही सोय त्यात होती. पण इवातांची चिंता सोनीपेक्षा वेगळ्या गोष्टीची होती. जपानमध्ये खेळणाऱ्यांचा वर्ग आटतोय, खेळ इतके गुंतागुंतीचे झालेत की नवा माणूस हातात बटणं घ्यायलाच घाबरतो, हे ते २००३ पासून सांगत होते. अशा माणसाला पेन हातात धरता येतं. डीएससोबतची ती प्लास्टिकची काडी त्याच्यासाठी होती.

सप्टेंबरमध्ये डीएसची किंमत कळली: अमेरिकेत १४९.९९ डॉलर, जपानमध्ये १५,००० येन. ऑक्टोबरच्या अखेरीस सोनीने १९,८०० येन सांगितले, कर वेगळा, आणि अनेकांना आश्चर्याचा धक्का बसला, कारण अपेक्षा याहून महाग यंत्राची होती. जपानमध्ये दोघांतलं अंतर अचानक थोडंसं उरलं. अमेरिकेत मात्र पीएसपी पुढे मार्चमध्ये २४९.९९ डॉलरच्या संचात आलं, म्हणजे तिथे अंतर पूर्ण १०० डॉलरचं. एकाच यंत्राची तुलना दोन देशांत दोन वेगळी उत्तरं देत होती.

डीएस २१ नोव्हेंबरला अमेरिकेत आणि २ डिसेंबरला जपानमध्ये आलं. पीएसपी १२ डिसेंबरला जपानमध्ये. त्या हिवाळ्यात दोन्ही यंत्रं हातात घेऊन पाहिलेल्या माणसाने पीएसपीच्या बाजूने कौल दिला असता तर मी त्याला दोष देणार नाही. डीएसचा मुख्य खेळ १९९६ सालच्या सुपर मारिओ ६४ चीच वाढवलेली आवृत्ती होता, आणि तो मुळात ज्या काडीवर खेळला जायचा ती अॅनालॉग काडीच डीएसला नव्हती. पीएसपीवर रिज रेसर्समधल्या गाड्या टीव्हीवरच्या खेळाच्या तोडीने पळत होत्या. लुमिनेसमध्ये संगीत आणि ठोकळे असे एकत्र वाजत की तो खेळ आजही जुना वाटत नाही. पीएसपीचे दोषही होते. पडद्यावर मेलेले बिंदू, आणि चौकोनाचं बटण पडद्याला इतकं चिकटून की काही यंत्रांत ते दाबलं तरी नीट उठत नसे. कुतारागींनी ती रचना मुद्दामच तशी असल्याचं सांगून तिची बाजू घेतली. पण ती तक्रार यंत्राच्या देखणेपणापुढे टिकली नाही. ते खरोखरच देखणं होतं.

मग २००५ उजाडलं. एप्रिलमध्ये जपानमध्ये निन्टेंडॉग्स आला: पडद्यावरच्या पिल्लाला काडीने कुरवाळायचं, मायक्रोफोनमध्ये त्याचं नाव घेऊन हाक मारायची. मे महिन्यात तोहोकू विद्यापीठाचे मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक र्‍यूता कावाशिमा यांच्या पुस्तकावर बेतलेला मेंदूच्या व्यायामाचा खेळ आला. यंत्र पुस्तकासारखं उभं धरायचं आणि बेरीज-वजाबाकीची उत्तरं हाताने लिहायची. दोन्हींना ३३३ मेगाहर्ट्झची गरज नव्हती. दोन्ही तळाच्या रकान्यावर उभे होते. पहिला जगभरात २ कोटींच्या पुढे गेला, दुसरा जवळपास १ कोटी ९० लाखांवर, आणि त्यांनी जपानमधल्या मध्यमवयीन आणि वृद्ध माणसांच्या हातात आयुष्यातलं पहिलं खेळयंत्र दिलं. डीएसचा एकूण आकडा १५ कोटी ४० लाखांवर जाऊन थांबला.

इथेच थांबणारे लेख पीएसपीवर अन्याय करतात. सुमारे ८ कोटी यंत्रं विकली जाणं याला पराभव म्हणायला मी तयार नाही; निन्टेंडोसमोर उभ्या राहिलेल्या दुसऱ्या कोणत्याही हातातल्या यंत्राला हा आकडा दिसलाही नव्हता. शिवाय पीएसपीला तारणारी गोष्टही तक्त्यात उपेक्षितच होती. सोनीने ज्यावर भर दिला ते यूएमडीवरचे सिनेमे दोनेक वर्षांत ओसरले. पण डिसेंबर २००५ मध्ये कॅपकॉमने मॉन्स्टर हंटर पीएसपीवर आणला. चार मित्र जवळजवळ बसून बिनतारी जोडणीने एका राक्षसामागे लागतात, असा हा खेळ. जपानी शाळकरी मुलांनी त्यासाठी बर्गरच्या दुकानांतली टेबलं अडवली. या मालिकेतला २०१० चा तिसरा पोर्टेबल भाग ४० लाखांहून जास्त खपला. बिनतारी जोडणी दोन्ही यंत्रांत होती, म्हणून तुलनेत ती रद्द झाली होती.

त्या तक्त्यात कधीकधी तिसरा रकानाही असायचा: नोकियाचं एन-गेज, ऑक्टोबर २००३ चं, २९९ डॉलरचं, फोन आणि गेम एकाच यंत्रात. खेळ बदलायला बॅटरी काढावी लागे आणि बोलताना ते कानाला आडवं धरावं लागे. लोकांनी त्याची रेवडी उडवली, आणि यंत्र म्हणून ते वाईटच होतं. पण खिशात फोन असताना माणूस खेळायला वेगळं यंत्र का बाळगेल, हा प्रश्न त्या तिघांत एकट्या एन-गेजने विचारला होता. आयफोन २००७ मध्ये आला, त्याचं अॅप स्टोअर जुलै २००८ मध्ये, आणि पुढच्या फेरीत निन्टेंडो आणि सोनी दोघांनाही त्या प्रश्नाला सामोरं जावं लागलं.

ती फेरी २०११ ची. सोनीने पीएसपीच्या पुढच्या पिढीच्या व्हीटाला पुढून आणि मागूनही स्पर्श ओळखणारं अंग दिलं. म्हणजे डीएसचा तळाचा रकाना एव्हाना वर सरकला होता. निन्टेंडोने थ्रीडीएसमध्ये चष्म्याविना खोली दाखवणारा पडदा बसवला आणि २५,००० येन मागितले. फेब्रुवारीत आलेलं ते यंत्र उन्हाळ्यापर्यंत दुकानांत पडून राहू लागलं. जुलैअखेर इवातांनी दरकपात जाहीर केली, स्वतःचा पगार निम्म्यावर आणला, आणि ऑगस्टपासून थ्रीडीएस १५,००० येनना मिळू लागलं, म्हणजे २००४ च्या डिसेंबरात डीएस ज्या किमतीला आलं होतं त्याच किमतीला.