स्वस्त डिझेल गाडी, पण पासिंग कुठलं?

कोल्हापूरची एमएच-०९ पासिंगची जुनी स्विफ्ट डिझेल निपाणीच्या तरुणाला स्वस्तात मिळाल्यासारखी वाटते, ती निम्मा हिशोब केल्यामुळे. फियाटचं मूळ असलेलं १२४८ सीसीचं इंजिन दणकट, यात वाद नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार परराज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त इथं कर्नाटकात ठेवली, तर केए-२३ (बेळगावात केए-२२) नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी आणि कर्नाटकाचा आजीवन कर. गाडीच्या वयानुसार तो घटतो, माफ होत नाही. महाराष्ट्रातल्या उरलेल्या कराचा परतावा मागता येतो. हेलपाटे मात्र आपले.

‘आठवड्याला कागल ओलांडतोच, कोण विचारतंय?’ हा सीमाभागातला लाडका युक्तिवाद. कायदा मात्र गाडी कुठं ठेवली हे बघतो, आणि विकायला काढल्यावर पुढचं गिऱ्हाईक नक्की विचारतो. डिझेल परवडतं, हेही रोज बेळगाव-कोल्हापूर करणाऱ्यापुरतं खरं. गावातल्या गावात फिरणाऱ्याची वर्षाची बचत टर्बोचं किंवा इंजेक्टरचं एकच काम खाऊन टाकतं. शिवाय नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २०१२ ची गाडी २०२७ मध्ये फेरनोंदणीला उभी. तरीही घ्यायचीच, तर सकाळी थंड इंजिनावर बघावी. मालकानं आधीच तापवून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी जावं. चालू इंजिनाच्या ऑइलचं झाकण उघडल्यावर भकाभका धूर आला, तर बहुधा पिस्टन रिंग झिजल्यात.