बिटकॉइन पाठवण्याचे भाडे कोणाला मिळते?

‘मध्ये बँक नाही, दलाल नाही, म्हणून खर्चही नाही,’ असे बिटकॉइनबद्दल सर्रास सांगितले जाते. आखाती देशांतून घरी पैसे पाठवणाऱ्या आपल्या तरुणांना याचा मोह पडणे साहजिक आहे. म्हणून हा हिशोब आपण नीट समजून घेऊ.

बिटकॉइनचे व्यवहार एका सामायिक वहीत नोंदले जातात. साधारण दर 10 मिनिटांनी तिला नवे पान जोडले जाते. त्याला ब्लॉक म्हणतात. त्यासाठी जगभरचे ‘मायनर’ संगणकांवर अवाढव्य आकडेमोड करतात, विजेवर भरपूर पैसा ओततात. ज्याचे उत्तर आधी सापडते, मेहनताना त्यालाच मिळतो.

हा मेहनताना दोन प्रकारचा असतो. पहिला म्हणजे नवे बिटकॉइन. 2009 मध्ये दर ब्लॉकमागे 50 मिळत. जवळपास दर चार वर्षांनी ते निम्मे होत गेले आणि एप्रिल 2024 पासून 3.125 वर आले. दुसरा म्हणजे पाठवणाऱ्याने दिलेले शुल्क.

पानावर जागा मर्यादित असते. जास्त शुल्क देणाऱ्याची नोंद मायनर आधी घेतो. वर्गात आम्ही सणासुदीच्या वडापचे उदाहरण देतो: गाडी तीच, जागा तेवढ्याच, पण गर्दी वाढली की भाडे चढते. डिसेंबर 2017 मध्ये सरासरी शुल्क 50 डॉलरच्या वर गेले होते. गर्दी ओसरल्यावर ते उतरले.

शिवाय हे शुल्क रकमेवर ठरत नाही. नोंद किती जागा अडवते, यावर ठरते. म्हणजे पाच हजार पाठवणारा आणि पाच कोटी पाठवणारा, दोघांना सारखेच शुल्क पडू शकते. श्रीमंताला ते जाणवत नाही, कष्टकऱ्याला जाणवते.

पुढे काय? एकूण बिटकॉइन 2 कोटी 10 लाखांवर जाणार नाहीत. 2140 च्या सुमारास नवे मिळणे थांबेल. मग मायनरचा खर्च केवळ शुल्कातून निघावा लागेल. तो निघाला नाही, तर अनेक जण यंत्रे बंद करतील आणि वहीची राखण कमजोर होईल. म्हणजे शुल्क हा एक प्रकारे राखणदाराचा पगारच आहे.

त्यामुळे कोणी ‘फुकट’ म्हटले, तर आधी विचारावे: आज शुल्क किती? खरेदी-विक्रीचे कमिशन किती? रुपये हातात किती पडतील? या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडली, की बँकेशी तुलना घरातील कोणीही करू शकेल.