कंपनी नवी मुंबईची, तक्रार धाराशिवची

टीव्हीवर वस्तू पाहायची, पडद्यावरच्या नंबरावर फोन लावायचा आणि पार्सल दारात आले की पैसे मोजायचे, या खरेदीला टेलिशॉपिंग म्हणतात. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ‘ग्राहक’ कोण हे सांगताना टेलिशॉपिंगने खरेदी करणाऱ्याचा नाव घेऊन उल्लेख आहे. तरीही या व्यापाराबद्दल, आणि विशेषतः अशी कंपनी अडचणीत आली की पुढे काय होते याबद्दल, बरेच गैरसमज आहेत.

त्यांतला सर्वांत पक्का असा, की कंपनीचे कार्यालय नवी मुंबईत किंवा नोएडात असेल, तर दावाही तिथेच लावावा लागतो. १९८६ च्या जुन्या कायद्यात तक्रारीची जागा विरुद्ध पक्षाच्या ठिकाणावरून किंवा तक्रारीचे कारण कुठे घडले यावरून ठरत असे. त्यामुळे अधिकारक्षेत्राचा वाद घालून कंपन्यांना वेळ काढता येई. नव्या कायद्याच्या कलम ३४ ने तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाण्याची मुभा दिली. परंड्याचा शेतकरी किंवा उमरग्याची शिक्षिका धाराशिवच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगातच दाद मागू शकते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, मुदत मात्र दोन वर्षांची आहे. कंपनीच्या दृष्टीने ही तरतूद लहान नाही. दीड हजारांच्या वस्तूसाठी धाराशिवला वकील पाठवण्याचा खर्च वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त होतो, आणि पार्सल पोहोचते तो प्रत्येक जिल्हा तिच्यासाठी संभाव्य न्यायपीठ ठरतो.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे बिलावर छापले की विषय संपला, हाही गैरसमजच. सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. मात्र हे संरक्षण सदोष मालापुरते आहे. रंग आवडला नाही, मन बदलले, अशा कारणांसाठी कंपनीच्या स्वतःच्या परतीच्या नियमांवरच अवलंबून राहावे लागते.

जाहिरातीत काहीही दावा केला तरी चालतो, फार तर वस्तू बनवणारा अडकेल, या समजुतीला दोन निर्णयांनी उत्तर दिले आहे. त्यांतला एक धाराशिवकरांच्या अगदी जवळचा, कारण तो त्यांच्याच उच्च न्यायालय खंडपीठाचा आहे. हनुमान चालिसा यंत्रात दैवी शक्ती असल्याचे सांगून ते विकणाऱ्या टीव्ही जाहिरातींविरुद्ध एका शिक्षकाने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका केली. ५ जानेवारी २०२१ रोजी खंडपीठाने निर्णय दिला, की अशी जाहिरात महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा आहे आणि ती दाखवणारी वाहिनीही जबाबदार ठरते. त्या कायद्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. म्हणजे यंत्र विकणाऱ्याचा धोका पैसे परत करण्याइतकाच मर्यादित राहत नाही, तो फौजदारीपर्यंत जातो.

दुसरा निर्णय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा, फेब्रुवारी २०२२ मधला. दोन सुवर्ण अलंकारांचा संच, चुंबकीय गुडघापट्टी आणि ॲक्युप्रेशर योगा चप्पल यांच्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवून प्राधिकरणाने नापतोल या टेलिशॉपिंग कंपनीला १० लाख रुपये दंड केला. पहिल्या उल्लंघनासाठी प्राधिकरणाला करता येणारा हा कमाल दंड आहे, पुन्हा तसेच घडल्यास मर्यादा ५० लाखांवर जाते. या आदेशातला दंडापेक्षा महत्त्वाचा भाग विक्रीच्या पद्धतीला हात घालणारा होता. कार्यक्रम आधी चित्रित केलेला आहे हे पडद्यावर स्पष्ट सांगा, आणि ‘आजच शेवटची संधी’ म्हणत कृत्रिम टंचाई निर्माण करणे थांबवा, असे कंपनीला बजावले गेले. टेलिशॉपिंगचा धंदा घाईवर चालतो, विचार करायला वेळ मिळाला की फोन येत नाहीत. म्हणून घाईला लगाम घालणारा आदेश दहा लाखांच्या दंडापेक्षा भारी म्हणायला हवा.

हा दंड तक्रारदारांत वाटला जातो असेही काहींना वाटते. तसे होत नाही. पैसे परत हवे असतील तर स्वतःची तक्रार वेगळी करावी लागते.

कंपनीने ‘पुनर्रचना खर्च’ जाहीर केला म्हणजे ती बुडाली, किंवा हिशेबात काही लपवले, असा अर्थ लगेच काढला जातो. प्रत्यक्षात स्टुडिओ, कॉल सेंटर किंवा गोदाम बंद करणे, भाडेकरार मुदतीआधी मोडणे, माणसे कमी करणे यांचा हा खर्च असतो. कामगाराच्या व्याख्येत बसणाऱ्यांना कपातीवेळी सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो, हे सूत्र नव्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. मोठ्या कंपन्यांना लागू असलेले भारतीय लेखा मानक ३७ याबाबत कडक आहे. तपशीलवार योजना तयार असेल आणि ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना ती कळलेली असेल, तरच आगाऊ तरतूद करता येते. राहणाऱ्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, नवी जाहिरात, पुढच्या वर्षीचा तोटा यांपैकी काहीही त्यात घालता येत नाही.

असे खर्च ओढवणारे बदल या व्यवसायात वारंवार होतात. नेटवर्क१८ समूहाने २००८ मध्ये सुरू केलेल्या होमशॉप१८ ने २०१४ मध्ये अमेरिकेत समभागविक्रीसाठी अर्ज केला, पण ती विक्री झाली नाही. पुढे २०१७-१८ मध्ये तिने शॉप सीजे ही प्रतिस्पर्धी कंपनी घेतली. अमेरिकेत फ्लोरिडातून चालणाऱ्या एचएसएन या टेलिशॉपिंग वाहिनीचा कारभार २०२५ मध्ये पेनसिल्व्हेनियात तिच्याच समूहातील क्यूव्हीसी वाहिनीच्या आवारात हलवण्याचे ठरले आणि त्याच वर्षी समूहाने सुमारे ९०० जागा कमी केल्या.

न्यायालयीन दाव्यांनाही लेखा मानक ३७ च लागू होते. पैसे द्यावे लागण्याची शक्यता न लागण्यापेक्षा जास्त असेल तर तरतूद, त्याहून कमी असेल तर ताळेबंदाच्या टिपांत उल्लेख, अगदीच दूरची असेल तर काही नाही. एकाच प्रकारच्या अनेक लहान देण्यांचा मात्र एकत्र विचार करावा लागतो. कळंबची एक तक्रार एकटी नगण्य दिसली, तरी तशाच शेकडो तक्रारींबरोबर ती हिशेबात येते.

कंपनी दुसऱ्याने विकत घेतली की जुनी तक्रार मिटते, हे खरे नाही. फक्त समभागांचे मालक बदलले तर कंपनी कायद्याने तीच राहते आणि तिची देणीही तिचीच. विलीनीकरणात देणी सहसा नव्या कंपनीकडे जातात. फक्त व्यवसाय विकला असेल, तर कोणती देणी कोणाकडे गेली हे करार ठरवतो.

दिवाळखोरी संहिता, २०१६ खाली प्रकरण दाखल करून घेतले गेले तर मात्र चित्र बदलते. कलम १४ नुसार स्थगिती लागते, कंपनीविरुद्ध आयोगात चालू असलेली तक्रार आणि निकालाची वसुली दोन्ही थांबतात. तेव्हा वृत्तपत्रांत येणाऱ्या जाहीर सूचनेतील मुदतीत, बिल आणि पैसे दिल्याची पावती जोडून नियुक्त दिवाळखोरी व्यावसायिकाकडे दावा नोंदवावा लागतो. कंपनी अवसायनात गेली तर पैसे वाटपाचा क्रम कलम ५३ ठरवते: आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेले धनको आणि कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी, मग इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी देणी. भागधारकांच्या आधी, पण या सर्वांच्या नंतर, ‘उरलेली देणी’ येतात. गुडघापट्टीचे पैसे परत मागणारा ग्राहक त्या गटात असतो.