टर्कीच्या पोटात पाव!

मुलांनो, भरली वांगी तुम्ही खाल्लीच असतील. नाक मुरडत का होईना, भरलं कारलंही खाल्लं असेल. पण सहा-सात किलोचा अख्खा पक्षी भरलेला पाहिलाय कधी?

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी घरोघरी असा पक्षी शिजतो. त्याचं नाव टर्की आणि सणाचं नाव थँक्सगिव्हिंग, म्हणजे आभार मानण्याचा दिवस.

१६२१ साली प्लिमथ इथं इंग्लंडहून आलेल्या लोकांच्या हाती पहिलं पीक लागलं. तेव्हा तिथल्या वाम्पानोआग लोकांबरोबर ते तीन दिवस जेवले. मका कसा लावायचा, हे तिथल्याच एका माणसाने त्यांना शिकवलं होतं. पण पुढे या मूळ रहिवाशांच्या जमिनी गेल्या, माणसंही गेली. म्हणून १९७० पासून त्यांच्यातले काहीजण याच दिवशी प्लिमथला जमून शोक पाळतात. एकाच दिवशी कुणाच्या घरी मेजवानी, तर कुणाच्या मनात दुःख!

आता पक्ष्याच्या नावाची गंमत ऐका. हा मूळचा अमेरिकेचा, पण इंग्रजीत त्याला नाव मिळालं तुर्कस्तानचं. तुर्की लोक मात्र त्याला ‘हिंदी’ म्हणतात! पोर्तुगीज भाषेत तो चक्क ‘पेरू’. जहांगीर बादशहासाठी १६१२ च्या सुमारास गोव्याहून एक टर्की आणला होता, आणि मन्सूर या चित्रकाराने त्याचं सुंदर चित्र काढलं.

चला, आता स्वयंपाकघरात. टर्की बहुधा गोठवलेला मिळतो. तो फ्रीजमध्येच हळूहळू सैल होऊ द्यायचा, साधारण दोन किलोला एक दिवस. म्हणजे सहा किलोचा टर्की गुरुवारी शिजवायचा, तर सोमवारीच काढायला हवा. ओट्यावर ठेवला तर? आत बर्फ तसाच राहतो, पण बाहेरचं मांस कोमट होतं आणि तिथे जंतू वाढू लागतात.

मग सारण. लोण्यात कांदा आणि सेलरी परततात. सेलरी म्हणजे जाड, कुरकुरीत देठांची भाजी. त्यात सेज आणि थाइम ही वासाची पानं घालतात. मग पावाचे वाळलेले तुकडे, आणि वरून गरम सूप. पाव शिळाच का बरं? ताज्या पावाचा लगदा होतो. वाळलेला पाव सूप पिऊन घेतो, तरी तुकडे सुटे राहतात.

हे सारण पोटात भरलं की खरी कसोटी सुरू होते. भट्टीची उष्णता बाहेरून आत जाते, म्हणून सारण सर्वांत शेवटी तापतं. शिवाय कच्च्या मांसाचा रस त्यात झिरपलेला असतो, आणि त्यात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. वरून टर्की छान सोनेरी दिसला तरी फसायचं नाही! सुईचा थर्मामीटर मांडीत, छातीत आणि सारणाच्या मध्यभागी खुपसतात. तिन्हीकडे ७४ अंश सेल्सिअस दिसले, की झालं. पण सारणाची वाट बघता बघता छातीचं मांस कोरडं पडतं. म्हणून भरताना सारण सैलसर भरतात, तेही भट्टीत घालायच्या अगदी आधी. अनेक घरांत तर ते वेगळ्या भांड्यातच भाजतात.

भरलेल्या सहा किलोच्या टर्कीला १६५ अंशांच्या भट्टीत सुमारे चार तास लागतात. बाहेर काढल्यावर वीस मिनिटं सुरी लावायची नाही हं! तेवढ्यात रस मांसात मुरतो.

शेवटी मुलांची मजा. छातीजवळ इंग्रजी ‘व्ही’सारखं एक हाड असतं. दोघं दोन टोकं ओढतात. मोठा तुकडा ज्याच्या हाती येईल, त्याची इच्छा पुरी होते म्हणे!

तुम्हीही एक प्रयोग करा. दोन वाट्यांत ताज्या आणि शिळ्या पावाचे सारखे तुकडे घ्या. दोन्हींत दोन-दोन चमचे पाणी घाला आणि हलक्या हाताने ढवळा. कुठल्या वाटीत लगदा झाला? वहीत लिहून ठेवा, आणि घरी पाव उरला, तर तो टाकण्याआधी आईबाबांना दाखवा.